जुन्या बाजारांतील पाटे व शॉकप : जुळणी कशी पाहावी ?

जमीन खरेदी करतांना आपण केवळ गांवाचें व मालकाचें नांव ऐकून पैसे मोजीत नाहीं. गट नंबर, क्षेत्र व चतुःसीमा ताडून पाहतों. कारण एकाच नांवाचीं दोन शेतें असूं शकतात. मोटारीच्या सुट्या भागांसही हाच न्याय लागू आहे. तथापि उतारा पाहिल्यावांचून इसार न देणारा शेतकरी जुन्या मोटारींच्या बाजारांत मात्र “अमुक गाडीचा पाटा द्या” एवढें बोलून माल घेऊन येतो. महसुली दप्तरांत सारी नोकरी घालविलेल्या मजकडूनही हीच चूक घडली.

आमच्या पिकअपचा मागील डावा पाटा तुटला, तेव्हां नव्याची किंमत ऐकून मीं जुना संच आणला. गाडीचें नांव तेंच, रुंदी तीच, पाट्यांची संख्याही तीच. परंतु पुढच्या टोंकापासून सेंटर बोल्टपर्यंतचें अंतर सुमारें एक इंचानें कमी होतें, तें कोणींच मोजलें नाहीं. डावें चाक तितकें पुढें सरकलें व मागचा अ‍ॅक्सल तिरपा बसला. कांदा भरून जातांना वळणावर ब्रेक दाबतांच गाडी रस्ता सोडून चारींत उतरली. मुलगा बचावला, ही ईश्वराची कृपा. दोष विकणाऱ्याचा नव्हता. मीं नांव सांगितलें, त्यानें त्या नांवाचा माल दिला. म्हणून पुढील गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या.

१. नोंदणी-पुस्तक. एकाच नांवाची गाडी अनेक वर्षें विकली जाते; मधल्या काळांत तिची लांबी, भारक्षमता व खालची रचना बदलते. यास्तव १७ अक्षरांकांचा चॅसिस नंबर व निर्मितीचा महिना-साल टिपून घ्यावें. कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानीं तो नंबर दाखविल्यास योग्य भागाचा क्रमांक कळतो. जुन्या मालावर क्रमांक शाबूत असेल तर तो त्याच्याशीं ताडावा.

२. पाट्याचीं मापें. तुटलेला पाटा मोजूं नये. दुसऱ्या बाजूचा शाबूत पाटा मोजावा. रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, पाट्यांची संख्या, टोंकाशीं बुश बसण्यासाठीं केलेल्या वळीचा आंतील व्यास, आणि सेंटर बोल्टपासून दोन्ही टोंकांपर्यंतचीं अंतरें निरनिराळीं घ्यावीं. बोल्ट बरोबर मध्यभागींच असतो असें नाहीं. लांबी मोजण्यास सुतळी पाट्याच्या पाठीवरून वांकणाप्रमाणें लावावी. जाडीविषयीं विशेष सावध असावें. ७ मिलिमीटरऐवजीं ८ मिलिमीटर जाडीचा पाटा घेतल्यास, इतर मापें तींच असतां, त्याचा ताठरपणा सुमारें दीडपट होतो. कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. दोन बाजूंस दोन प्रकारचे पाटे असल्यास गाडी एकीकडे कलते. शक्य तों एकाच गाडीचा जोड घ्यावा.

३. शॉकप. मिटलेली व उघडलेली अशा दोन्ही लांब्या मोजाव्या. मिटलेली लांबी जास्त असल्यास पाटा पुरता दबण्यापूर्वींच शॉकप अडकून मोडतो. उघडलेली लांबी कमी असल्यास चाक खालीं जातांना तोच ओढला जाऊन टोंक तुटतें. दांड्यापाशीं तेलाचा ओलावा असल्यास घेऊं नये. उभा धरून चार-पांच वेळां दाबावा व ओढावा. मध्येंच कोठेंही पोकळ जातां कामा नये. गॅसचा शॉकप हात काढतांच आपोआप उघडतो, निव्वळ तेलाचा उघडत नाहीं. हा फरक न जाणल्यानें चांगला माल टाकला जातो व वाईट घेतला जातो.

४. वर्ज्य वस्तु. वेल्डिंग केलेला पाटा फुकट मिळाला तरी घेऊं नये; उष्णतेनें पोलादाचें पाणी उतरतें. सेंटर बोल्टच्या भोकापाशीं बारीक चीर आहे काय, हें ब्रशनें घांसून उजेडांत पाहावें. यू बोल्ट, बुश, नट व बॉल जॉइंट हे नेहमीं नवेच घ्यावे.

५. बसविल्यानंतर. पुढच्या टोंकापासून अ‍ॅक्सलपर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोजून सारखें आहे कीं नाहीं तें पाहावें. हें एक माप मीं घेतलें असतें तर चारीचा प्रसंग टळता. यू बोल्ट शें-दोनशें किलोमीटर चालल्यावर पुन्हां आवळावे. तसेंच जादा पाटा घातल्यानें नोंदणी-पुस्तकांतील भारमर्यादा वाढत नाहीं, हेंही विसरूं नये.

सारांश, बाजारांत जातांना शाबूत भाग काढून बरोबर न्यावा. तें न जमल्यास मापांचा कागद तरी न्यावा, आणि परत घेण्याच्या बोलीनें पावती घ्यावी. चतुःसीमा न पाहतां घेतलेल्या शेताचा तंटा कचेरींत तरी मिटतो. चुकीच्या पाट्याचा निकाल रस्त्यावरच लागतो.