पक्ष्याच्या घरट्याचा नियम

शास्त्रपाठ : अनुवाद २२ : ६, ७

मोशेच्या नियमशास्त्रांत एक लहानशी आज्ञा आहे. वाटेंत पक्ष्याचें घरटें आढळलें व आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर तिला धरूं नये, जाऊं द्यावें. पिलें घेण्यास मनाई नाहीं, कारण मनुष्याची गरज देव जाणतो. परंतु जिच्यापासून पुढची वीण व्हावयाची, तिच्यावर हात टाकण्याचा अधिकार त्यानें कोणास दिला नाहीं. उपभोगास सीमा आहे. ह्या आज्ञेस कल्याणाचें व दीर्घायुष्याचें वचन जोडलेलें आहे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेसहि तेंच आहे (अनुवाद ५ : १६). मग हिला क्षुल्लक कोण म्हणेल?

सोलापूर व अहमदनगर (आतां अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांतील माळांचा माळढोक पक्षी घ्या. तो मीटरभर उंच असून टोळ व भुंगेरे खातो, म्हणजे शेतकऱ्याचें कामच करितो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. तें गुरांच्या खुरांखालीं गेलें किंवा कुत्र्यानें खाल्लें, म्हणजे तेवढी वीण बुडाली. शिकार झाली, माळ नांगरले गेले, विजेच्या तारांवर आपटून कित्येक पक्षी मेले. आज साऱ्या भारतांत ते दीडशेंच्या आसपास उरले आहेत, व तेहि बहुतेक राजस्थानांत.

त्याच्या रक्षणासाठीं सरकारनें १९७९ सालीं नान्नजच्या माळासह ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य ठरविला. त्यांत गांवें व शेतें आलीं, जमिनीच्या व्यवहारांस अडचणी पडल्या, आणि पुष्कळांस पक्षीच वैरी वाटूं लागला. २०१२ सालीं हें क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यांत आलें. आम्ही त्या शेतकऱ्यांस दोष देत नाहीं. पक्ष्याचें रक्षण करितांना त्याचें ओझें कोणत्या शेजाऱ्याच्या खांद्यावर पडतें, हें पाहणें हाहि प्रीतीचाच धर्म आहे. तथापि ओझें हलकें झालें म्हणून आज्ञा रद्द झाली, असें समजूं नये.

माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत आपण टाकली पाहिजे. काळवीट व लांडगा ह्यांचेंहि घर तेथेंच आहे. कोणी सद्धेतूनें तेथें दाट झाडी लाविली, तरी माळढोक ती जागा सोडून जातो. त्याला उघडें गवतच हवें.

ज्यांचीं गांवें अशा माळांलगत आहेत, त्यांनीं पावसाळ्यांतील विणीच्या दिवसांत राखीव माळावर मेंढरें घालूं नयेत, कुत्रीं मोकाट सोडूं नयेत, गवतास आग लावूं नये, आणि अंडें दिसलें तर त्यास न शिवतां वनरक्षकास कळवावें.

उपदेशकांनीं मंडळीस विचारावयाचे प्रश्न :

१. देवानें पिलें घेऊं दिलीं, पण आईस कां राखिलें?

२. आपल्या गांवच्या माळावर, ओढ्यांत व रानांत अशी ‘आई’ कोणती?

३. तिला राखण्यासाठीं ज्याचें नुकसान होतें, त्यास मंडळीनें कसा हात द्यावा?