अनेक अटींचें सूत्र : दोष कसा शोधावा

हमीभावानें सोयाबीन घालावयाचें तर मालांतील ओलावा सामान्यतः १२ टक्क्यांपर्यंत असावा लागतो व नोंदणीही झालेली असावी लागते. पुष्कळ कास्तकार हा तपशील संगणकावरील एक्सेल तक्त्यांत ठेवितात आणि शेवटच्या रकान्यांत ‘दोन्ही अटी जुळल्या तर पाठवावा, एरवीं थांबवावा’ असें सूत्र घालतात. सूत्र चुकलें म्हणजे ओला माल केंद्रावरून परत येतो व गाडीभाडें आणि हमाली अंगावर पडते. म्हणून दोष शोधण्याची रीत आम्ही येथें देत आहों.

संपूर्ण सूत्राकडे पाहत बसूं नये. प्रत्येक अटीस निराळा रकाना देऊन त्यांत ती एकटीच मांडावी. तक्ता ‘ट्रू’ अथवा ‘फॉल्स’ असें उत्तर देईल. जें उत्तर प्रत्यक्ष मालाशीं जुळत नाहीं, त्या अटींत दोष समजावा. सर्व उत्तरें बरोबर असून निर्णय चुकत असेल, तर दोष सांध्यांत आहे. ‘अँड’च्या जागीं ‘ऑर’ पडलें आहे काय, तें पाहावें.

नेहमीं आढळणारे दोष असे :

(१) रिकामें घर. ओलावा मोजला नसेल तर घर रिकामें राहतें. तुलनेंत एक्सेल त्यास शून्य समजतें व न मोजलेला माल ‘पाठवावा’ ठरतो. यास्तव ‘घर रिकामें नसावें’ ही अटही ‘अँड’मध्यें घालावी.

(२) टक्क्याचें चिन्ह. १८% असें लिहिल्यास तक्ता ०.१८ धरतो. त्याची १२ शीं तुलना केली तर सर्वच माल कोरडा ठरतो. चिन्ह दोन्हीकडे असावें, किंवा कोठेंच नसावें.

(३) अक्षररूप आंकडा. ‘११ टक्के’ असें शब्दासह लिहिलें तर तो मजकूर होतो, व एक्सेल मजकुरास कोणत्याही अंकाहून मोठा मानतें; कोरडा माल थांबतो. नोंदणीच्या रकान्यांत ‘हो’नंतर जागा सुटली तरी तो निराळा शब्द ठरतो.

(४) अटींचा क्रम. एकांत एक ‘इफ’ घातले असतां पहिल्या खऱ्या अटीशीं सूत्र थांबतें. ‘१५ पर्यंत वाळवावा’ ही अट आधीं व ‘१२ पर्यंत पाठवावा’ ही नंतर लिहिली, तर ११ टक्क्यांचा मालही ‘वाळवावा’ ठरेल. कडक मर्यादा आधीं घ्यावी.

मर्यादेचा आंकडा सूत्रांत कोंडूं नये. २०२४ च्या खरीप मालासाठीं सरकारनें ती मर्यादा १५ टक्के केली होती. असा बदल झाला असतां सर्व सूत्रें खोडावीं लागूं नयेत म्हणून तो आंकडा स्वतंत्र घरांत ठेवावा. सूत्रांत त्या घराच्या अक्षरापूर्वीं व अंकापूर्वीं डॉलरचें चिन्ह द्यावें; नाहींतर सूत्र खालीं उतरवितांना घर सरकतें.

शेवटीं मर्यादा १२ असतां ११.९, १२, १२.१ आणि रिकामें घर अशा चार नोंदी करून पाहाव्या. पहिल्या दोन ‘पाठवावा’, उरलेल्या ‘थांबवावा’ आल्या पाहिजेत. १२ अडलें तर ‘कमी’च्या चिन्हापुढें ‘बरोबर’चें चिन्ह राहिलें आहे असें जाणावें. चारही उत्तरें जुळलीं म्हणजे गाडी भरण्यास हरकत नाहीं.