माहिती द्यावी, पण विचारून द्यावी

"डॉक्टर, घरी पाहणीला बाई आल्या होत्या. कोण आजारी, कोण गरोदर, कोणाला साखर, सगळे लिहून नेले. पुढच्या वेळी रक्त काढायचे म्हणतात. द्यावे का?" हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. शिरूरकडचे रुग्ण विचारतात, तसेच दौंडकडचेही. विचारणाऱ्याला रक्ताच्या चार थेंबांची चिंता नसते. लिहून नेलेला कागद कोणाच्या हाती पडेल, ही त्याची खरी चिंता असते. मुलीचे लग्न जमायचे आहे, सुनेला क्षयाचे औषध चालू आहे, मुलाला फिट येतात. ही गोष्ट गावभर झाली तर काय, असे त्याला वाटते. ही भीती अडाणीपणाची नाही, म्हणून तिचे नीट उत्तर दिले पाहिजे.

आपली माहिती कशाला हवी?

कुरकुंभ किंवा रांजणगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याचा रक्तदाब, ऊसतोडणीला आलेल्या बाईच्या अंगातील रक्त, यांविषयी परदेशी पुस्तकातून नेमके उत्तर मिळत नाही. ते इथल्याच माणसांकडून मिळते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यातले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन विवाहित स्त्रियांच्या पाळीची तारीख टिपून घेत. सासूसमोरही जी गोष्ट बोलली जात नाही, ती या स्त्रियांनी सांगितली. त्यातून कळले की इथले बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचे असते आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. परंतु आपले बाळ दिसायला बारीक असले, तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त असते. सडपातळ माणसालाही मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा इथे हाती लागला. बहुसंख्य मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी असल्याचेही दिसले. ती मुले सहा, बारा आणि अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली आणि बहुतेक सर्व आली. मध्यंतरी, २०१२ पासून, त्याच मुलामुलींना ब-१२ देऊन पुढच्या पिढीला उपयोग होतो का, हेही पाहण्यात आले.

वढूचा अनुभव

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे के. ई. एम.च्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात काम उभे केले. गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांनी कामाला लावले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी औषधपाणी आणि बाळंतपणे झाली. घरोघर जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवण्याचे काम त्यानंतर, २००२ साली, शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांत सुरू झाले. रोटाव्हायरसच्या जुलाबावरील भारतीय लसीची २०११-१२ मधील मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि वढू या तीन ठिकाणी झाली. तिन्ही मिळून ६,७९९ बाळे त्यात होती. २०१६ पासून ही लस राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. पुढच्या लाखो बाळांच्या कामी या आईबापांचा विश्वास आला.

विश्वास कशाने तुटतो?

२००९ साली खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये वसतिगृहातील अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती, पण विचारण्याची रीत चुकली आणि लसीवर संशय बसला.

लहान प्रमाणात असे आपल्याकडेही घडते. माझ्या माहितीतील एका वस्तीवर पाहणीच्या कार्यकर्त्याने ओट्यावर बसून, शेजारणींच्या देखत, "क्षयाच्या गोळ्या कोणाला चालू आहेत?" असे विचारले. त्या घरच्या सुनेने पुढे लाजेपोटी औषध आणायला जाणेच बंद केले. तिला पुन्हा उपचारावर आणायला बरेच दिवस लागले. एका मोठ्या आवाजातल्या प्रश्नाची ही किंमत होती.

सहीपूर्वी हे विचारा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली संशोधनाच्या नीतिनियमांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या आधारे वाचकांनी पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात.

१. तुम्ही कोणत्या संस्थेचे, आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का? समितीचा फोन क्रमांक माहितीपत्रकात असला पाहिजे.

२. माहिती कशासाठी हवी? उत्तर समजेल अशा मराठीत मिळाले पाहिजे. वाचता न येणाऱ्यास सर्व वाचून दाखवावे, आणि अंगठा घेताना संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

३. माझे नाव कोठे जाईल? साधारणतः नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरतात आणि नावाची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवतात. कोण ती उघडू शकतो, हे विचारावे.

४. रक्ताचा नमुना किती वर्षे ठेवणार, आणि दुसऱ्या अभ्यासाला वापरणार काय?

५. नाही म्हटले तर? नाही म्हटल्याने उपचार थांबत नाहीत आणि थांबवताही येत नाहीत. मध्येच बाहेर पडण्याचीही मुभा असते.

सरपंचांनी गावात परवानगी दिली, म्हणून तुमची संमती झाली असे होत नाही. नवऱ्याची सही बायकोची सही ठरत नाही. सात वर्षांपुढच्या मुलालाही त्याला कळेल अशा शब्दांत विचारावे लागते.

अलीकडे चौदा आकडी आभा क्रमांक काढून घेतला जातो. तो ऐच्छिक आहे, आणि तो काढला म्हणजे तुमचे रिपोर्ट कोणालाही पाहता येतात असे नाही. पाहण्यासाठी तुमची संमती लागते. मात्र फोनवरून 'आरोग्य पाहणी' म्हणून ओटीपी किंवा बँक खाते विचारणाऱ्यास काहीही सांगू नये.

संशोधकांना विनंती

माहिती नेणाऱ्याने परत यावे. तपासणीत कोणाची साखर वाढलेली आढळली, तर ते त्याला खासगीत सांगावे आणि औषधाची वाट दाखवावी. अभ्यास संपल्यावर ग्रामसभेत दहा मिनिटे उभे राहून काय सापडले ते मराठीत सांगावे. आकडे नेऊन जो पुन्हा फिरकत नाही, तो आपल्यामागून येणाऱ्या प्रामाणिक संशोधकाचेही दार बंद करतो.

वाचकांना एवढेच सांगणे आहे की भीतीपोटी सरसकट नकार देऊ नये आणि भिडेपोटी सहीही करू नये. माहितीपत्रक ठेवून घ्या. एखादी ओळ समजली नाही, तर गावच्या आशाताईंना किंवा आपल्या डॉक्टरांना दाखवा. सही दुसऱ्या दिवशी केली तरी चालते. खऱ्या संशोधकाला त्याची घाई नसते.