आले, सुंठ आणि उमासे

गेल्या पावसाळ्यात आमच्या वहिनींना दिवस गेले आणि रायापूरच्या आमच्या घरातली फोडणी बंद झाली. लसणाचा वास आला की उमासे. हुबळीच्या बसमध्ये चढले की पुन्हा उमासे. आई म्हणाली, "आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळ." शेजारच्या अक्कांनी हात धरला, "शुंठी ब्याडा, उष्ण!" विज्ञान शाखेची म्हणून पंचाईत माझ्याकडे आली.

पहिला घोळ भाषेचा होता. मराठीत ओले ते आले, वाळली ती सुंठ. कन्नडमध्ये दोन्हींना शुंठी म्हणता येते. ओलीला हसी शुंठी, किंवा आमच्याकडे नुसते 'अल्ला'. आई ओल्याबद्दल बोलत होती, अक्का वाळलेल्याबद्दल. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. ओल्या आल्यात सुमारे 80 टक्के पाणी असते. म्हणजे 5 ग्रॅम आल्याची जेमतेम 1 ग्रॅम सुंठ होते. शिवाय वाळताना जिंजरॉल या तिखट द्रव्यातून पाण्याचा रेणू निघून जातो आणि त्याहून झणझणीत शोगाओल तयार होते. अक्कांची धास्ती अगदीच निराधार नव्हती.

डेन्मार्कमध्ये आणि थायलंडमध्ये गरोदर स्त्रियांना सुंठीची पूड देऊन पाहिली; निष्कर्ष अनुक्रमे 1991 आणि 2001 साली प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे प्रमाण एकच, दिवसाला 1 ग्रॅम, विभागून. मळमळ कमी झाली. पुढच्या पाहण्यांत बाळांमधील व्यंगे वाढलेली आढळली नाहीत. मात्र उलट्या थांबविण्याच्या बाबतीत आल्याचा गुण तितकासा ठाम दिसला नाही.

हे शेवटचे वाक्य मी वाचले होते, पण मनावर घेतले नव्हते. एका सकाळी वहिनींच्या पोटात पाणीही ठरेना. मी आल्याचा काढा आणखी दाट केला. आईने मात्र विचारले, "लघवीला कधी गेली होतीस?" रात्रीपासून नाही! आईने रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, वजन पाहिले आणि सलाईन लावले. लघवी कमी होणे, वजन घटणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसली की आल्याचे काम संपते, हे तिथे खाटेशेजारी बसून मला कळले.

निघताना डॉक्टरांनी आल्याला हरकत घेतली नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू नाही ना, एवढे विचारून घेतले आणि माप सांभाळायला सांगितले. दुसऱ्या दिवशी अक्का स्वतःच अल्ला किसून घेऊन आल्या. वाटीभर होता. मी त्यातला 5 ग्रॅम तोलून घेतला. उरलेल्याची आईने वडी केली.