अधिक साडेचारची चिठ्ठी

ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. निळ्या शाईत ‘+4.5’, अक्षर माझंच. म्हणून आधीच कबूल करतो, चिकटवली मी. चिकटवायला कोणी लावली, तेही सांगतो.

आमची शाळा पाचगणीतली, निवासी. अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी पुण्याहून डझनभर थर्मामीटर आले. आमच्या ज्येष्ठ सरांनी बीकरमध्ये पाणी उकळलं आणि एकेक बुडवून पाहिला. बाराही 95.5 वर थांबले. ‘‘शंभर हवेत. गंडवलं पुणेकरानं,’’ सरांचा निकाल. बाराच्या बारा एकाच आकड्यानं कसे बिघडतील, असं मी विचारलं. ‘‘एकाच लॉटचे आहेत ना!’’ दुकानदाराला खरमरीत पत्र गेलं आणि मला चिठ्ठ्या लिहायला बसवलं.

मग मुलांनी बेन्झॉइक अ‍ॅसिडचा द्रवणांक काढला. पुस्तकात 122, आमच्याकडे 126.5. सर भर वर्गात म्हणाले, ‘‘नमुना भेसळीचा. बाटल्या नीट ठेवत नाही तुम्ही.’’ अहो, भेसळीनं द्रवणांक खाली येतो आणि पसरट होतो, वर चढत नाही! इथं तर पदार्थ अंशभरात वितळून मोकळा होत होता. पण बोलणार कोण? एका मुलीनं थर्मामीटरवर 122 वाचून, चिठ्ठीप्रमाणे इमानदारीत 126.5 लिहिलं. तिच्या जर्नलवर लाल रेघ. ज्यांनी पुस्तकातला आकडा उतरवला, त्यांना ‘उत्तम’.

उलगडा झाला तो मेसमध्ये. डाळ कच्ची राहिली म्हणून मी कुरकुरलो, तर स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, ‘‘आज कुकर बिघडलाय. खाली वाईत उघड्या पातेल्यात शिजते हो, घाट चढला की अडून बसते.’’ माझा घास हातातच राहिला. रविवारी एक थर्मामीटर रुमालात गुंडाळला, एसटीनं पसरणी घाट उतरलो आणि वाईला बहिणीच्या घरी पातेल्यात पाणी ठेवलं. पारा 97.5 वर! घाट उतरताना थर्मामीटर दोन अंशांनी बरा झाला होय? मी ओट्याशी खुळ्यासारखा हसत उभा, आणि बहीण विचारतेय, ‘‘दादा, त्याच पाण्यात चहा टाकू का?’’

पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. उंची 300 मीटरनं वाढली की पाणी साधारण अंशभर आधी उकळतं. म्हणजे 95.5 हे बरोबरच होतं. उत्कलनांक हवेच्या दाबाचा मिंधा असतो. द्रवणांकाला मात्र एवढ्याशा फरकाचं सोयरसुतक नाही. बेन्झॉइक अ‍ॅसिड मुंबईत 122 ला वितळतं आणि टेबल लँडवरही 122 लाच.

सोमवारी हे सरांना सांगितलं. ‘‘उंचीचं मला माहीत नाही का?’’ एवढंच बोलले. दिवाळीच्या सुट्टीत चिठ्ठ्या गुपचूप निघाल्या. दुकानदाराला दुसरं पत्र काही गेलं नाही.

आता, ज्यांना द्रवणांक काढायचाय त्यांच्यासाठी.

थर्मामीटर आधी कुटलेल्या ओल्या बर्फात धरा. शून्य आलं तर त्याच्यावर लगेच आळ घेऊ नका. आम्ही एवढं केलं असतं, तर तेव्हाच शंका आली असती. मग माहितीच्या शुद्ध पदार्थांवर तपासा: नॅफ्थलीन 80, अ‍ॅसिटॅनिलाइड 114, बेन्झॉइक अ‍ॅसिड 122. नॅफ्थलीन म्हणून बाजारातल्या डांबरगोळ्या आणू नका. त्यात पॅराडायक्लोरोबेंझीन निघालं तर ते 53 लाच वितळेल, आणि पुन्हा शिव्या थर्मामीटरला.

डोंगरावरच्या पावसाळ्यात काडेपेटी पेटत नाही, तिथं नमुना कोरडा कसा राहील? डेसिकेटरमध्ये नीट वाळवून मगच बारीक कुटा. ओल्या नमुन्याचा द्रवणांक खरोखरच घसरतो. कॅपिलरीत दोन-तीन मिलिमीटरच भरा, ठोकून घट्ट बसवा. कॅपिलरी रबरानं थर्मामीटरला बांधा: टोक पाऱ्याच्या फुग्याला लागून, रबर तापवायच्या पॅराफिनच्या वर. शेवटचे पंधरा-वीस अंश मिनिटाला एक-दोन अंशांनीच चढू द्या. घाई केली की आकडा चुकलाच. वितळायला लागतो तो आकडा आणि पूर्ण वितळतो तो, दोन्ही लिहा. दर वेळी नवी कॅपिलरी. डोळ्यांवर चष्मा हवा, लक्ष हवं, वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि वरिष्ठांचा मान राखा, पण चिठ्ठी लिहायला त्यांच्या हाती पेन द्या.

त्या मुलीला मी नंतर बोलावून सांगितलं, तुझं रीडिंग बरोबर होतं, चूक चिठ्ठीची होती. खरं तर हे सरांनी सांगायला हवं होतं.