सोयाबीनच्या मापात पॅरिस आणि प्राग

पोळा आटोपला, शेतातलं सोयाबीन शेंगांवर आलं आणि प्रस्तुत लेखक पाठीवर सॅक टाकून वाशीमहून अकोल्याच्या गाडीत बसला. ही गोष्ट सप्टेंबर 2025 ची. अकोल्याहून मुंबई, मुंबईहून पॅरिस आणि शेवटी प्राग. पैसे बेताचेच होते. खर्चवहीच्या पहिल्या पानावर त्याने एक आकडा लिहून ठेवला होता: 5,328 रुपये, म्हणजे त्या हंगामाचा सोयाबीनचा क्विंटलमागचा हमीभाव. बाजारात तेवढा मिळतोच असं नाही, पण मोजायला घरचं माप बरं.

पहिली नोंद घर सोडण्याआधीच झाली. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या वर होता, म्हणजे गेलं पावणेदोन क्विंटल सोयाबीन. व्हिसा नाकारला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही. शिवाय किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा. दोन्ही शहरांसाठी हा खर्च सारखाच, त्यामुळे तुलनेत तो धरायचा नाही.

“बाबू, तुपाची बरणी घेऊन जाय,” असं माय म्हणत होती. पण भारतातून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आदल्या रात्री बरणी सॅकमधून बाहेर आली. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी मात्र सोबत गेली.

पॅरिसने पहिला दणका विमानतळावरच दिला. तिथून शहरात जाणाऱ्या रेल्वेचं तिकीट तेव्हा 13 युरो होतं, म्हणजे पंचवीस किलो सोयाबीन. शहरात मेट्रोच्या एका फेरीला 2.50 युरो लागत. मुक्कामाच्या खोलीत आठ खाटा, आणि त्यातल्या एका खाटेचं भाडं प्रागच्या जवळपास दुप्पट. पण याच महागड्या शहरात काही गोष्टी फुकट मिळतात, फक्त त्या माहीत असाव्या लागतात. जेवायला बसल्यावर नळाच्या पाण्याचा जग मागितला, तर त्याचे पैसे लागत नाहीत. शहराचा इतिहास सांगणाऱ्या कार्नावाले संग्रहालयातला कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओर्से संग्रहालयालाही तिकीट नसतं. लेखकाने शुक्रवारी पॅरिस गाठलं होतं, त्यामुळे 7 सप्टेंबरचा रविवार आपसूक पदरात पडला.

प्रागमध्ये उतरल्यावर त्याला हायसं वाटलं. विमानतळावरून शहरात यायला वेगळं तिकीट नाही. साधी बस, मग मेट्रो आणि दोन्हींना मिळून 90 मिनिटांचं एकच तिकीट, तेव्हा 40 कोरुनांचं. म्हणजे जेमतेम तीन किलो सोयाबीन! जेवण स्वस्त, राहणं स्वस्त, चार्ल्स पूल तर फुकटच.

आणि इथेच तो फसला.

चेकिया युरोपीय संघात असला तरी तिथलं चलन कोरुना. जुन्या शहराच्या चौकाजवळ एका पैसे बदलून देणाऱ्या खिडकीवर ‘कमिशन शून्य’ अशी पाटी होती. फलकावरचा ठळक दर पाहून लेखकाने 100 युरो पुढे केले. हातात आले 1,700 कोरुना. वास्तविक 2,400 च्या वर मिळायला हवे होते. ठळक अक्षरांतला दर होता त्यांच्याकडून युरो विकत घेणाऱ्यांसाठी, आणि युरो देणाऱ्याचा दर खाली बारीक अक्षरांत. तीसेक युरो गेले, म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जास्त सोयाबीन. दोन दिवस पोटाला चिमटा काढून वाचवलेलं एका मिनिटात संपलं.

खरं दुःख रात्री कळलं. अशा फसवणुकीला आळा घालण्यासाठी चेकियात 1 एप्रिल 2019 पासून कायदा आहे. 1,000 युरोंपर्यंतची रोख बदलली असेल तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून पैसे परत घेता येतात. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने हे सांगितलं, तेव्हा पाच तास उलटून गेले होते.

म्हणून जाणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात. नोटा देण्याआधी ‘100 युरोंचे किती कोरुना हातात येतील?’ एवढंच विचारावं, आणि पावती खिशात ठेवावी. एटीएमने ‘रुपयांत हिशेब करू का?’ असं विचारलं तर नको म्हणावं, स्थानिक चलनच निवडावं. प्रागमध्ये कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात छापून घ्यावं, नाहीतर ते खिशात असूनही दंड होतो. पॅरिसला सोमवारी उतरलात तर सोमवार ते रविवार चालणारा आठवड्याचा पास घ्यावा. 2025 मध्ये तो 31.60 युरोंना होता आणि त्यात विमानतळाचा प्रवासही येत होता. हाताशी आठ दिवस असतील तर तीन पॅरिसला, पाच प्रागला द्यावेत.

निघण्याआधी दर मात्र ताजे पाहून घ्या. लेखकाच्या वहीत पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तिकिटापुढे 22 युरो लिहिलेले आहेत. 14 जानेवारी 2026 पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या पाहुण्यांना तिथे 32 युरो मोजावे लागतात.