पोरगी जेवत नाही तेव्हा



या पानावर आजवर मी बेणे, हुमणी, खोडव्यातले पाचट याच विषयांवर लिहीत आलो. या वेळचा विषय निराळा आहे. तो माझ्याच घरात घडला, म्हणून लिहितो.

माझी पुतणी बारावी सायन्सला, क्लाससाठी शहरात वसतिगृहावर होती. दिवाळीला आली तर मनगट दोन बोटांत मावेल असे. वहिनी म्हणाल्या, मेसचे जेवण अंगी लागत नाही. दादा आणि मी तिलाच रागे भरलो, अभ्यास नको म्हणून हे नखरे. काविळीचे औषध झाले, अंगारा झाला. चार महिने पाळी बंद होती हे घरातल्या बायकांना ठाऊक होते, पण दवाखान्यात कोणी बोलले नाही. काट्यावर उसाचे दहा किलो कमी भरले तर आपण भांडायला उठतो. पोरीचे दहा किलो गेले ते आम्हाला कळलेच नाही.

मानसोपचार तज्ज्ञांनी आजाराचे नाव सांगितले : ॲनोरेक्सिया नर्व्होसा. हाडे दिसत असली तरी रोग्याला आपण जाडच वाटतो. हे मोबाईलचे फॅड म्हणावे, तर हे नाव लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी दीडशे वर्षांपूर्वी दिलेले आहे. दुसरा प्रकार बुलिमिया. त्यात अधाशासारखे खायचे आणि चोरून उलटी काढायची. वजन बेताचे राहते, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. जेवण झाले की लगेच न्हाणीघराकडे पळणे, ही त्याची एक खूण. मुलगे यातून सुटलेले नाहीत. मनाच्या आजारांत सर्वांत जास्त जीव घेणाऱ्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते.

आता मुद्द्याचे. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे त्यांना पाहायचे होते. अंगाने-मनाने धडधाकट असे ३६ तरुण निवडले आणि सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न दिले. वजन पाव हिश्शाने उतरले. पण मनाचे काय झाले ते बघा. शहाणीसुरती माणसे चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली. डोक्यात दिवसभर अन्नच. कोणी पाककृतींची पुस्तके वाचत बसे, कोणी ताट चाटे. म्हंजे उपासमार स्वतःच डोके फिरवते. अशा डोक्याशी वाद घालून काय उपयोग? आम्ही दोन महिने तेच केले.

उन्हाळ्यात ताण पडला की उसाच्या कांड्या आखूड पडतात. पुढे पाट भरून पाणी दिले तरी त्या कांड्या लांबत नाहीत, नवी वाढ तेवढी सुधारते. हाडांची भरणी याच वयात होते, म्हणून इथे उशीर महाग पडतो.

मात्र फार दिवसांच्या उपाशी अंगावर एकदम जेवणाचा मारा करू नये. रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम, म्हणजे आपले स्फुरद-पालाशच, झपाट्याने घसरते आणि हृदयावर बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू वाढवावे. चक्कर येत असेल, नाडी मंद असेल तर वाट न बघता दवाखान्यात न्यावे. लंडनच्या मॉडस्ली इस्पितळात १९८० च्या दशकात एक पद्धत पुढे आली. तिच्यात आईबापांना दोष देत नाहीत, उलट जेवणाचा ताबा काही काळ त्यांच्याच हाती देतात. किशोरवयात तिचा गुण चांगला येतो.

कुठे जावे हे सुचत नसेल तर १४४१६ वर फोन लावा. सरकारची ही टेलिमानस सेवा २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीही मिळते, मराठीतून बोलता येते.

पुतणी आता घरीच आहे. तीन वेळा दादा तिच्यासमोर ताट घेऊन बसतो. तोडणीची टोळी फडात उभी असली तरी तो आधी तिचे जेवण उरकतो. वजन दर आठवड्याला दवाखान्यात होते. आकडा तिला दाखवत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी